आधी हवा, मग पेट्रोल

वर्धा जिल्ह्यात ज्यांच्या घरी जुनी मोटार किंवा जुनी मोटरसायकल जपून ठेवलेली आहे, आणि तिच्या इंजिनावर एकाऐवजी दोन कार्बोरेटर आहेत, त्यांना कळकळीची विनंती आहे. गाडी मिसिंग करू लागली, पिकअप गेला, पेट्रोल जास्त खाऊ लागली, की पहिला स्क्रू-ड्रायव्हर कार्बोरेटरला लावू नका. मिस्त्रीलाही लावू देऊ नका. कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी लागला पाहिजे. आणि लागेल तेव्हाही आधी दोघांची हवा सारखी करायची, पेट्रोलचं नंतर बघायचं. हा क्रम मोडला म्हणून कितीतरी धडधाकट गाड्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेल्या. मालक म्हणतो, दोन कार्बोरेटरची कटकट फार, ते कधी जमतच नाहीत. ते जमतात. एकदा नीट जमले की महिनोन्‌महिने हात लावावा लागत नाही.

अशा गाड्या आपल्याकडे थोड्या आहेत, हे खरं. एमजी, ट्रायम्फ स्पिटफायर, जग्वार या ब्रिटिश गाड्यांवर एसयू कंपनीचे दोन-दोन कार्बोरेटर कारखान्यातूनच बसून येत. मुंबईच्या जुन्या गाड्यांच्या रॅलीत त्या बघायला मिळतात, वर्ध्याच्या बजाज चौकात क्वचितच. पण आपण सगळ्यांनी लहानपणापासून पाहिलेली अॅम्बॅसेडर या गाड्यांच्या नात्यातली आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. हिंदुस्तान मोटर्सने तिच्यात वर्षानुवर्षं घातलेलं १४८९ सीसीचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी' मालिकेतलं. १९५५ साली इंग्लंडात निघालेल्या एमजीए या दोन सीटच्या गाडीत त्याच मालिकेतलं, तेवढ्याच सीसीचं इंजिन होतं. अॅम्बॅसेडरवर एक कार्बोरेटर, एमजीएवर दोन. तेव्हा ज्या मिस्त्रीने आयुष्यभर अॅम्बॅसेडरची टॅपेट लावली, त्याला एमजीचं बॉनेट उघडून बुजायचं कारण नाही. आतलं बहुतेक सगळं त्याच्या ओळखीचं आहे.

दुचाकीत हा मान राजदूत ३५० चा. यामाहाच्या आरडी ३५० वरून एस्कॉर्ट्सने १९८० च्या दशकात आपल्याकडे बनवलेली ही ३४७ सीसीची टू-स्ट्रोक गाडी. दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर, दोन सायलेन्सर. तिच्याबद्दल पुढे वेगळं सांगेन, कारण तिच्यात चूक झाली तर नुकसान जास्त लवकर होतं. आणि दुचाकीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट वर्धेकरांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. बजाज ऑटो ही कंपनी १९४५ साली जन्माला आली ती बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावाने, आणि ते बच्छराज म्हणजे जमनालालजी बजाज यांना नातू म्हणून दत्तक घेणारे वर्ध्याचे शेठ बच्छराज. गाड्यांशी आपल्या गावाचं नातं असं जुनं आहे. ते नुसतं शोरूमपुरतं उरू नये, एवढंच वाटतं.

आता मुळात दोन कार्बोरेटर कशाला, ते समजून घेऊ. ते कळल्याशिवाय पुढचं नुसतं पाठांतर होईल. 'बी' मालिकेच्या इंजिनाला सिलिंडर चार, पण हेडमध्ये हवा आत घेणारी तोंडं दोनच. एक आणि दोन नंबरच्या सिलिंडरचं तोंड सामायिक, तीन आणि चारचं सामायिक. एकच कार्बोरेटर लावला तर त्याच्यातून आलेली हवा मॅनिफोल्डमध्ये वळसे घेत दोन्ही तोंडांकडे जाते. दोन लावले तर प्रत्येक तोंडासमोर स्वतःचा कार्बोरेटर येतो, रस्ता सरळ आणि लहान होतो, वरच्या वेगाला इंजिन मोकळा श्वास घेतं. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती व्हायच्या, तेव्हा तिथली मंडळी ही युक्ती यासाठीच वापरत.

पण फायदा मिळतो तो दोघं सारखं काम करत असतील तरच. एका जुवाला जुंपलेल्या दोन बैलांपैकी एकच ओढत असेल तरी बंडी चालतेच. ओढणारा मात्र आधी थकतो आणि धुरकऱ्याला उशिरा कळतं. इंजिनात तेच होतं. पुढचा कार्बोरेटर जास्त हवा देतो आणि मागचा कमी, म्हणून दोन सिलिंडर काम करतात आणि दोन नुसते फिरतात. स्लो स्पीडला गाडी हलते, थरथरते. कोणीतरी मग स्लो वाढवून ठेवतं. थरथर झाकली जाते, आजार तसाच राहतो. त्यातच एका बाजूला पेट्रोल कमी पडत असेल तर त्या सिलिंडरचं तापमान चढत जातं आणि एक दिवस एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. तिथे रस्ता मोकळा मिळतो म्हणून अशी अर्धवट जमलेली जुनी गाडी तास-दोन तास एका दमात ताणू नका. गावात महिनोन्‌महिने निभावलेला बिघाड तिथे एका फेरीत हेड उघडायला लावतो.

एसयू कार्बोरेटरची रचना फार हुशार आहे. इंग्लंडमधल्या स्किनर या पादत्राणांच्या व्यापारातल्या घराण्यातल्या भावांनी १९०४ च्या सुमारास तो घडवला. सुरुवातीच्या नमुन्यात पिस्टनच्या जागी चक्क चामड्याचा भाता होता, घरच्या धंद्यातला. पुढे भात्याच्या जागी धातूचा पिस्टन आला. वर घुमटासारखं जे भांडं दिसतं त्याच्यात हा पिस्टन वर-खाली होतो. इंजिनाने जास्त हवा ओढली की पिस्टन वर उचलला जातो, कमी ओढली की खाली बसतो. पिस्टनच्या बुडाला एक निमुळती सुई असते आणि ती खालच्या जेटमध्ये शिरलेली असते. पिस्टन वर गेला की सुईचा बारीक भाग जेटमध्ये येतो, फट वाढते, पेट्रोल जास्त येतं. म्हणजे हवा किती आली यावरून पेट्रोल किती सोडायचं, हे तो आपणच ठरवतो. आपल्या हातात दोनच गोष्टी असतात. थ्रॉटलचा स्क्रू, जो हवा ठरवतो. आणि जेटखालचा सहा पैलूंचा नट, जो पेट्रोल ठरवतो. नट वर फिरवला की पेट्रोल कमी, खाली फिरवला की जास्त. एवढंच. बाकी सगळी शिस्त आहे.

त्या शिस्तीचा पहिला भाग कार्बोरेटरच्या बाहेरचा आहे, आणि खरं तर निम्म्याहून जास्त काम तिथेच संपतं. टॅपेट तुमच्या गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने लावा. पुस्तकात गरम इंजिनाचं माप असेल तर इंजिन गरम करून, थंडचं असेल तर थंड असताना. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. एका सिलिंडरचं कॉम्प्रेशनच पडलेलं असेल तर जगातला कोणताही कार्बोरेटर ते भरून काढणार नाही. तिथे थांबा आणि आधी हेडकडे बघा. प्लग काढून रंग पाहा, साफ करा, गॅप लावा. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट खड्डे पडलेले असतील तर बदला. लुकासच्या या जुन्या डिस्ट्रिब्युटरला पॉइंटची गॅप साधारण ०.०१५ इंच लागते. मग टायमिंग. ज्याला लोक कार्बोरेटरचा दोष समजतात तो पुष्कळदा पॉइंटचा किंवा कंडेन्सरचा निघतो. कार्बोरेटर दिसतो मोठा आणि चकचकीत, पॉइंट दिसत नाही, म्हणून बदनामी कार्बोरेटरची होते.

दुसरं, चोरटी हवा. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डमधलं पॅकिंग फुगलेलं किंवा चिरलेलं असेल, किंवा थ्रॉटलचा दांडा त्याच्या भोकात झिजून सैल झाला असेल, तर तिथून हवा घेतली जाते आणि ती हवा कोणत्याही स्क्रूच्या ताब्यात नसते. इंजिन स्लोवर चालू ठेवून त्या जोडांवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा, डिस्ट्रिब्युटर आणि वायरी सांभाळून. इंजिनाचा आवाज बदलला तर तिथे गळती आहे. यासाठी पेट्रोल किंवा रॉकेल शिंपडणारे लोक मी पाहिले आहेत. गरम एक्झॉस्टला लागून असलेल्या जागी हे कधीही करू नका. दांडा झिजला असेल तर लेथवर नवी बुश बसवून तो दुरुस्त होतो. हे काम टाळून पुढे ट्यूनिंग करणं व्यर्थ आहे; आज जमलेलं उद्या बिघडेल.

मग कार्बोरेटर उघडायचा तो स्वच्छतेसाठी. दोन्हीचे घुमट आणि पिस्टन एकाच वेळी काढून एकत्र ठेवू नका. पुढच्याचा पिस्टन पुढच्याच घुमटात जायला हवा, कारण ती जोडी कारखान्यात एकमेकांशी जुळवलेली असते. अदलाबदल झाली की पिस्टन अडकतो किंवा हवा सोडतो. कापडाने पुसा, पेट्रोलने धुवा, पण पॉलिश पेपर मुळीच लावू नका. सुईवर बारीक अक्षरांत तिचा नंबर असतो. दोन्ही सुयांचा नंबर एकच आहे ना, हे भिंगातून बघा. आधीच्या कोणी हाताला येईल ती सुई घालून दिलेली असू शकते. फ्लोटची पातळी दोन्हीकडे सारखी हवी. घुमटाच्या वरच्या पितळी किंवा प्लास्टिकच्या टोपीखाली बारीक दट्ट्या असतो, त्याच्यात पातळ इंजिन ऑइल, २० ग्रेडचं, घाला. ते आटलेलं असेल तर रेस देताच इंजिन अडखळतं आणि मिस्त्री विनाकारण जेट फिरवत बसतो. शेवटी पिस्टन बोटाने उचलून सोडा. तो अलगद खाली येऊन टक्‌ असा आवाज करत बसला पाहिजे. दोन्हीकडे सारखा आवाज आला नाही तर सुई जेटच्या मध्यावर नाही. जेट आवळून धरणारा वरचा नट सैल करून जेट सुईच्या मध्यावर आणावं लागेल.

आता खरं काम. गाडी उघड्यावर आणा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून ट्यूनिंग करणं जिवावर बेतू शकतं. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. उन्हाळ्यात आपण डोक्याला दुपट्टा गुंडाळतो, तो या कामाच्या वेळी काढून ठेवा. रेडिएटरच्या पंख्याला त्याचं टोक पुरतं. गाडीजवळ विडी-सिगारेट नको, आग विझवायचं नळकांडं हाताशी हवं. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, दोन-चार किलोमीटर चालवून आणलेलं उत्तम. आणि काम सकाळी करा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. त्या दुपारी तापलेल्या पातळ हवेत केलेली जुळवणी दिवाळीच्या थंडीत कामाला येत नाही.

एअर फिल्टर काढा. दोन कार्बोरेटरच्या थ्रॉटलना जोडणारा जो मधला दांडा असतो त्याचे क्लॅम्प सैल करा, म्हणजे दोघं स्वतंत्र झाले. चोकचा जोडही सुटा करा. हे न करता जो स्क्रू फिरवतो तो एकाचा स्क्रू फिरवून दोघांना हलवत असतो, आणि संध्याकाळपर्यंत फिरवत राहतो. दोन्ही थ्रॉटल स्क्रू आधी पूर्ण मागे घ्या, मग थ्रॉटल हलायला लागेल तिथून दोन्ही दीड-दीड फेरा आत. जेटचे नट दोन्ही वरपर्यंत, मग दोन्ही दोन पूर्ण फेरे, म्हणजे बारा पैलू, खाली. इंजिन चालू करा. इथून आरंभ.

हवा मोजायला बाजारात मीटर मिळतं, आणि ते चांगलंच असतं. पण दीड-दोन फुटांची रबरी नळी तेवढ्याच कामाची आहे, हे जुने मिस्त्री जाणतात. नळीचं एक टोक कानाशी, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडात, दोन्ही वेळा अगदी त्याच जागी धरायचं. हवेचा 'स्स्स' आवाज ऐकू येतो. एका बाजूचा जाड आणि जोराचा, दुसरीचा बारीक असेल तर जोराच्या बाजूचा स्क्रू थोडा मागे, बारीकचा थोडा पुढे. पुन्हा ऐका. घाई करू नका. कान सरावायला वेळ लागतो, पण एकदा सरावला की पाव फेऱ्याचा फरकही कळतो. दोन्ही आवाज एका पट्टीत आले की हवा जमली. स्लो वाढलं असेल तर दोन्ही स्क्रू सारखेच मागे घ्या आणि पुन्हा एकदा ऐकून खात्री करा. माझं आग्रहाचं सांगणं याच टप्प्यापुरतं आहे. इथे अर्धा तास जास्त गेला तर जाऊ द्या.

मग पेट्रोल. दोन्ही नट एका वेळी एकेक पैलूच फिरवायचा, दोन्ही एकाच दिशेने, इंजिन सर्वांत जोरात आणि गुळगुळीत चालेल त्या जागेपर्यंत. मग एकेकाची परीक्षा. घुमटाच्या बाजूला पिस्टन उचलायची बारीक पिन असते, ती जेमतेम मिलिमीटरभर वर ढकला. पिन नसेल तर पातळ स्क्रू-ड्रायव्हरने पिस्टन तेवढाच उचला. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर त्या बाजूला पेट्रोल जास्त आहे, नट एक पैलू वर. वेग लगेच पडला किंवा इंजिन बंद पडू लागलं तर पेट्रोल कमी, नट एक पैलू खाली. क्षणभर किंचित वाढून पुन्हा मूळ जागी आला तर बरोबर. दोन्हीकडे हीच परीक्षा. पेट्रोल बदललं की स्लो बदलतं, म्हणून मधूनमधून नळी घेऊन हवेकडे परत यावं लागतं. हा फेरा दोन-तीनदा होतो, त्याला कंटाळू नका.

शेवटी जोडदांड्याचे क्लॅम्प आवळा, आणि आवळताना दोन्ही बाजूंची किंचित मोकळीक सारखी ठेवा. नाहीतर स्लोवर सुंदर जुळलेले दोघं अॅक्सिलरेटर दाबताच वेगळे वागतात. रेस दीड हजारावर धरून पुन्हा नळीने ऐका. चोकचा जोड लावा, तो ओढलेला नसताना जेट खाली ओढत नाही ना, हे बघा. फिल्टर बसवा, पण दोन्ही एकाच वेळी साफ केलेले. हिंगणघाट-देवळीकडे कापसाच्या हंगामात जिनिंगजवळून जाणाऱ्या गाडीच्या फिल्टरवर तंतू साचतात. एक फिल्टर साचलेला आणि दुसरा नवा असेल, तर आत्ता केलेली सगळी मेहनत त्या कचऱ्याच्या थरातच जाईल.

गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा, इंजिन बंद करा, प्लग काढा. चारही फिक्या कॉफीच्या रंगाचे असावेत. दोन काळे आणि दोन पांढुरके असतील तर कोणत्या कार्बोरेटरकडे परत जायचं ते प्लगच सांगतात. पीयूसी केंद्राचाही या कामात उपयोग करून घ्या. ते यंत्र धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण आकड्यात देतं. बीएस-२ च्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला स्लोवर ३ टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि १,५०० पीपीएम हायड्रोकार्बनची मर्यादा आहे. नीट जमलेली जुनी गाडी त्यात बसू शकते. आकडा वर गेला तर केंद्रवाल्याला विनवू नका, परत जाऊन नट फिरवा. आपल्या जुन्या गाड्यांबद्दल लोकांच्या मनात धुराची जी अढी आहे ती आपणच घालवली पाहिजे.

आता पेट्रोलबद्दल, कारण जुनी पुस्तकं लिहिली गेली तेव्हाचं पेट्रोल आज पंपावर नाही. २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येऊ लागलं आणि आता सगळीकडे तेच मिळतं. पेट्रोल पूर्ण जळायला त्याच्या वजनाच्या १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पटच. म्हणजे तेवढ्याच हवेला आता इंधन जास्त लागतं, आणि पूर्वीच्या पेट्रोलवर अचूक जुळवलेला कार्बोरेटर आज आपोआप कमी पेट्रोलचा ठरतो. नट एखाद-दोन पैलू खाली घ्यावा लागेल, पिनची परीक्षा ते सांगेलच. वरच्या वेगालाही कमी पडत असेल तर सुईचा नंबर बदलावा लागतो. दुसरा धोका रबराचा. जुने रबरी पाइप, पेट्रोल पंपाचा पडदा, फ्लोटखालचं पॅकिंग यांना इथेनॉल फुगवतं, मऊ करतं. पाइप बोटाने दाबून चिकट लागला तर त्याच दिवशी बदला. गरम एक्झॉस्टवर टपकलेल्या पेट्रोलच्या थेंबाने गाड्या जळतात. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं. म्हणून पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर फ्लोटच्या वाट्या रिकाम्या करून ठेवा. चार महिन्यांनी जेट तुंबलेलं, वाटीच्या तळाशी पांढरा गाळ, हे त्याने टळतं.

आपल्या उन्हाची आणखी एक खोडी आहे. 'बी' मालिकेच्या इंजिनात कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, वर-खाली असतात. दोघांच्या मध्ये पत्र्याची उष्णतारोधक ढाल कारखान्याने दिलेली असते. ती काढून फेकू नका, गंजली असेल तर नवी बनवून घ्या. ती नसेल तर मे महिन्यात पेट्रोल भरायला गाडी थांबवून पाच मिनिटांनी चावी फिरवली की ती उठत नाही. वाटीतलं पेट्रोल उकळून इंजिनात भरलेलं असतं. अशा वेळी चोक ओढू नका, अॅक्सिलरेटर पंप करू नका. तो पूर्ण दाबून धरा आणि स्टार्टर मारा.

राजदूत ३५० वाल्या तरुणांनो, तुमच्यासाठी. तुमच्या गाडीत एकाच थ्रॉटल केबलचे पुढे फाटे होऊन दोन कार्बोरेटरकडे जातात. मूठ पिळली की दोन्ही स्लाइड त्याच क्षणी हलल्या पाहिजेत आणि एकाच उंचीला पोचल्या पाहिजेत. तपासायला सोपा उपाय म्हणजे एकाच मापाचे दोन ड्रिल बिट. इंजिन बंद ठेवून दोन्ही स्लाइडखाली ते धरा, मूठ हळूहळू पिळा, दोन्ही एकदम सुटले पाहिजेत. एक आधी सुटला तर त्या बाजूचा केबलचा अॅडजस्टर फिरवा. मगच स्लोचे स्क्रू, मग एअर स्क्रू, सुरुवात दोन्ही दीड फेरा उघडे ठेवून. हे झाल्यावर ऑइल पंपाची केबल तपासायला विसरू नका. तिथली खूण जुळली पाहिजे, नाहीतर ऑइल कमी जातं. टू-स्ट्रोकमध्ये एका बाजूला पेट्रोल किंवा ऑइल कमी पडलं तर पिस्टन सिलिंडरला चिकटतो, मागचं चाक अडकतं, आणि हे वेगात असताना होतं. रात्री नागपूर रोडला गाडी ताणण्याआधी दोन्ही प्लगचा रंग बघा. पांढरा दिसला तर त्या दिवशी ताणू नका.

एक विनंती वेगळ्या लोकांना आहे. अॅम्बॅसेडर किंवा फियाट जपलेले काही हौशी विचारतात, आम्हीही दोन कार्बोरेटर बसवू का? शर्यतीत जायचं नसेल तर नका बसवू. नवं मॅनिफोल्ड, जोडदांडे, सुया, सगळं जुळवायचा खर्च होतो, आणि गावातल्या चाळीस-पन्नासच्या वेगाला हाती काही येत नाही. शिवाय २०२१ च्या जुलैत केंद्राने जुन्या गाड्यांचे वेगळे नियम केले. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात, १० वर्षांनी नूतनीकरणाला ५,०००. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा, ही अट आहे. १९६० च्या दशकातली अॅम्बॅसेडर आज त्यात बसू शकते. मूळचा कार्बोरेटर काढून इंजिनाची वेगळी बांधणी केलीत तर ही वाट तुम्ही स्वतः अवघड करून घ्याल. मूळचा एकच कार्बोरेटर नीट लावा, गाडी तेवढ्यावर सुरेख चालते. ज्यांनी हौसेने मूळचे दोन काढून एक बसवलेला आहे, त्यांनी ते दोन भंगारात देऊ नयेत. तेलाचं फडकं गुंडाळून ठेवावेत.

आणि सगळ्यांना, मालक असो वा नसो. वर्ध्यात, हिंगणघाटात, आर्वीत, पुलगावात अजून असे मिस्त्री आहेत ज्यांना नळीने आवाज ऐकून इंजिन जुळवता येतं. त्यांच्या हाताखालची पोरं मात्र फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांवर वाढली आहेत. स्कॅनर लावतात, कोड वाचतात, आणि ते त्यांना चांगलं येतं. त्यांना हे दुसरं शिकायला मिळालेलं नाही. तुमच्या गाडीचं काम निघालं की मिस्त्रीकाकांना फोन करताना एवढंच म्हणा, काका, येताना आयटीआयच्या दोन पोरांना घेऊन या, त्यांनाही नळी कानाला लावू द्या. एक दिवस जास्त जाईल, चहा-नाश्त्याचा खर्च वाढेल. पोरांनी नट उलटा फिरवला तर फिरवू द्या, तो परत फिरवता येतो. काम झाल्यावर एका वहीत तारीख, स्क्रूचे फेरे, नटाचे पैलू, सुईचा नंबर आणि प्लगचा रंग त्यांच्याकडूनच लिहून घ्या. वही गाडीतच, डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. पुढच्या वेळी जो कोणी बॉनेट उघडेल त्याने आधी ती वाचायची, मग पान्याला हात घालायचा.